पिशवी धरणाऱ्यांसाठी

अ‍ॅनिमेच्या मेळाव्याला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण साध्या कपड्यांत येतो. बाकीचे कुणी झोरो, कुणी गोजो, कुणी नेझुको होऊन निघालेले असतात. हा टी-शर्ट, जीन्स आणि पाठीला मोठी सॅक. अ‍ॅनिमेच्या मेळाव्यावर सल्ले देणारे सगळे त्या झोरोचीच काळजी वाहतात : विग कुठला, तलवारीला रंग कोणता. प्रस्तुत मार्गदर्शन सॅकवाल्या उमेदवारासाठी आहे. कपडेपटवाल्याशिवाय नाटकाची तिसरी घंटा होत नाही, हे शिवाजी मंदिरपासून इतक्या जवळ राहणाऱ्या माहीमकरांना वेगळं सांगायला नको.

उमेदवाराला अ‍ॅनिमेतलं कळलंच पाहिजे अशी अट नाही. झोरोच्या तलवारी तीन आणि तिसरी तो दातांत धरतो, एवढं पाठ असलं तरी पुरे. दोनच दिसल्या की एक कुठे राहिली हे शोधायला निघायचं, बस्स.

उदाहरणादाखल २०२५ चा ‘अ‍ॅनिमे इंडिया’ घेऊ. स्थळ गोरेगावचं नेस्को, तारखा २२ ते २४ ऑगस्ट, शुक्रवार ते रविवार. तारखा काढणाऱ्यांनी कालनिर्णय पाहिलं नसावं. शुक्रवारी पिठोरी अमावास्या, शनिवारी श्रावणाची समाप्ती, बुधवारी गणपती. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला पावसाने लोकल बंद पाडलेल्या. अशा मुहूर्तावर घरून परवानगी काढणं हे उमेदवाराचं पहिलं काम, आणि ती फक्त स्वतःच्या घरून काढून भागत नाही. सगळ्या मित्रांच्या आयांचा विश्वास एकट्या तुमच्यावर असतो, कारण तुम्ही साध्या कपड्यांत असता.

आजी विचारते, “अमावास्येला तलवारी घेऊन कुठे रे निघालात?” इथे ‘जपानी कार्टून’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. ज्या लोकांनी रामायणावर सिनेमा काढला त्यांच्याकडे चाललोय, असं सांगावं. हे खोटंही नाही. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला तो १९९२ चा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे थिएटरांत लागला होता. बाबांना मोगलीची आठवण करून द्यावी. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्याच्यासाठी ते आंघोळ टाळून बसायचे, तो मोगली जपानी होता हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्या भरात होकार आणि रिक्षाचे पैसे दोन्ही घ्यावेत. क्रिकेटवेडे काका भेटले तर ‘सूरज’ काढावा : जपानी बेसबॉलच्या जुन्या गोष्टीला पॅड बांधून मुंबईत खेळायला उतरवलेली २०१२ ची मालिका. आईचं प्रकरण वेगळं आहे. तिला नेस्को म्हटलं की २०२० चं कोविड सेंटरच आठवतं. “नेस्कोला? कोण आहे तिथे?” असं ती विचारते तेव्हा तिला अ‍ॅनिमेचा इतिहास सांगू नये. कुणी नाही, सगळे बरे आहेत, एवढंच सांगावं.

आता सॅक. सेफ्टी पिना, काळा दोरा, सुई, ग्लू गन, फेव्हिक्विक, चिकटपट्टी, केसांच्या पिना, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक आणि एक जुना पंचा. पंचा कशाला, हे विगखालून घामाची पहिली धार आली की कळतं. ग्लू गनला प्लग लागतो आणि हॉलमधला प्लग आधीच कुणा नारुतोने अडवलेला असतो. म्हणून खरा भरवसा सेफ्टी पिनांवर. हिंदमाताहून आणलेल्या सॅटिनचा झगा माहीम स्टेशनच्या जिन्यावर पहिल्यांदा उसवतो तो काखेत. पिन आतून बाहेर लावावी, टोक कापडात दडवावं, आणि हे करताना झोरोला श्वास रोखून धरायला सांगावं. तो रोखतो. तलवारबाजीत कुणाच्या बापाला न घाबरणारा माणूस पिनेच्या टोकाला घाबरतो.

शस्त्रं फोमचीच असावीत. धातूचं पातं दारावरच अडवतात आणि ते बरोबरच आहे. पुठ्ठ्याची तलवार ऑगस्टमध्ये गोरेगावपर्यंत जाईस्तोवर पावाच्या लादीसारखी मऊ होते. नेझुकोच्या तोंडातला बांबूही फोमचाच. मांडववाल्याकडे बांबू मागायला जाऊ नये. तो देतो, पण वीस फुटी.

प्रवास हार्बरने करावा. २०१८ पासून ही गाडी माहीमहून थेट गोरेगावपर्यंत जाते, कुठे बदलायची नाही, आणि राम मंदिरला उतरून पुढे रिक्षा मिळते. माहीमकरांना रिक्षा खाडीपलीकडेच भेटते, त्यामुळे तिच्यात बसण्याचं अप्रूप झोरोलाही असतं. रिक्षात तीन माणसं बसतात. तीन माणसं आणि तीन तलवारी बसत नाहीत. तलवारी तुमच्या मांडीवर. निघण्यापूर्वी रविवारचा जम्बो ब्लॉक पाहून ठेवावा. पाऊस आल्यास छत्री विगवर धरावी, स्वतःवर नव्हे.

गोजोच्या डोळ्यांवर पट्टी असते. त्याला त्यातून दिसतं असं तो म्हणतो. जिन्यावर त्याचा दंड धरावा. नेझुको लेडीज डब्यात जाते, आणि तोंडात बांबू असल्यामुळे कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवते. त्यामुळे तो अख्खा डबा तिला उपवासाचं मौन आहे असं समजून जागा देतो. जनरल डब्यात प्रश्न ठरलेला : “कुठल्या मंडळाचा देखावा रे?” गणपतीला पाच दिवस असताना अ‍ॅनिमे समजावत बसू नये. “गोरेगावचा, जिवंत देखावा,” म्हणावं. लोक लगेच सरकून जागा करतात, एखादे आजोबा तर नमस्कारही करतात. झोरोने तो स्वीकारावा.

हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भेटण्याची जागा ठरवावी. ‘त्या मोठ्या पुतळ्यापाशी’ ही जागा नव्हे; तिथे मोठे पुतळे बरेच असतात आणि त्यांतले काही चालू लागतात. फोटो काढायला येणाऱ्याला आधी विचारायला लावावं. नेझुकोच्या खांद्यावर कुणी न विचारता हात टाकला तर मात्र हे मार्गदर्शन आपलं विनोदी अंग बाजूला ठेवतं : हात काढायला सांगा, मोठ्याने, आणि स्वयंसेवकाला बोलवा.

चित्रकारांच्या टेबलांवर स्टिकर, की-चेन, हाताने काढलेली पोस्टरं असतात. माहीमच्या कापड बाजारात वाढलेल्या माणसाला आकडा ऐकल्याबरोबर अर्धा करून सांगायची सवय असते. इथे जीभ आवरावी. समोरच्या मुलीने ते चित्र रात्री जागून काढलेलं असतं, आणि टेबलाचं भाडंही तिनेच भरलेलं असतं. रामेनच्या स्टॉलवर श्रावण पाळणाऱ्यांनी रश्श्यात काय आहे ते विचारून घ्यावं. नुसत्या भाज्या तरंगताना दिसल्या तरी जपानी रस्सा बऱ्याचदा सुक्या माशाचा असतो. शनिवारी दुपारी श्रावण संपल्याचं पंचांग मोबाइलवर दाखवून मोकळे होणारेही आहेत.

मोबाइलवरून आठवलं. या वेषांना खिसे नसतात. त्यामुळे सगळ्यांचे मोबाइल तुमच्या सॅकमध्ये, आणि दुपारी दोनच्या सुमारास ते एकामागून एक वाजू लागतात. काढावा तो मोबाइल, पडद्यावर नाव एकच : आई. कुणाची, ते आवाजावरून ओळखायचं. “जेवलास का?” असेल तर झोरोची. “पट्टी काढली का त्याने?” असेल तर गोजोची. “ती काहीच का बोलत नाहीये?” असेल तर बांबूचं कारण सांगू नये, रेंज नाही म्हणावं. स्पर्धेत झोरोला बक्षीस मिळालं तर स्टेजवर तुमचं नाव कुणी घेणार नाही, पण त्याच्या आईला ही बातमी तुमच्याच तोंडून कळते. हा मान थोडाथोडका नाही.

रविवारी रात्री परतल्यावर विग पंच्यात गुंडाळावा आणि शस्त्रांचा हिशेब करावा. गणपती तीन दिवसांवर, आणि थर्माकोलच्या मखरावर बंदी. सबब फोमच्या पट्ट्या, ग्लू गन आणि तिन्ही तलवारींवर प्रत्येक घराचा डोळा असतो. मखराच्या मागे आधाराला तलवार उत्तम लागते, वर झिरमिळ्या सोडल्या की दिसतही नाही. मागायला आलेल्यांना नाही म्हणू नये. मात्र पुढच्या मेळाव्याला तलवारी लवकर परत हव्या असतील तर त्या दीड दिवसाच्या घरी द्याव्यात. अनंत चतुर्दशीवाल्यांना ग्लू गन द्यावी.