आमच्या घरात नाहीत

कुरुंद्यात एकट्या मास्तराला खोली मिळायला फार हिंडावं लागत नाही. जून 2023मध्ये मला ओसरीलगतची एक खोली मिळाली आणि तिच्यासोबत नवारीचा पलंग फुकट. तो फुकट का, हे पहिल्याच रात्री कळलं.

ढेकूण दिवसभर पलंगाच्या सांध्यात चपटा होऊन पडून असतो. आपण झोपलो की निघतो. सोंड खुपसून आधी जागा बधिर करतो, रक्त गोठू नये याची तजवीज करतो आणि पाच-दहा मिनिटं निवांत पिऊन घरी जातो. इतकी बिनदुखी सुई मला आजवर कुठल्या दवाखान्यात मिळालेली नाही. खाज सुटते ती नंतर, तो ढेकर देऊन झोपल्यावर. मी टॉर्च घेऊन नवारीची शिवण उलटी केली तर तिथं काळे ठिपके, टाकलेल्या पारदर्शक काती आणि मसुराच्या डाळीएवढे तीन-चार मूळ रहिवासी.

सकाळी मालकीणकाकूंना म्हटलं, "काकू, पलंगात ढेकूण आहेत."

काकूंनी आधी गल्लीकडं बघितलं. "हळू बोला सर. आमच्या घरात ढेकूण नाहीत. 2022च्या जुलैत गावात पाणी शिरलं तवा गाद्या, कपडे, धान्य, समदं गेलं. ढेकूण कशाला राहतील? तुमच्या वळकटीत आले असतील."

म्हणजे पंचनाम्यात ढेकूण वाहून गेल्याची नोंद होती आणि मी ते पुन्हा आयात केले होते. पलंग पुरानंतर जुन्या बाजारातून आणलेला होता हे मला माहीत होतं, पण डिपॉझिट त्यांच्याकडं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या 14व्या कलमात घर दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, तेही मी वाचून काढलं. गळकं छत त्यात बसेल. ढेकणाबद्दल कायदा गप्प आहे, आणि काकूंच्या डोळ्यांत बघून कलम वाचून दाखवायची माझी टाप नव्हती.

मला यातलं एक कोडं कधीच सुटलं नाही. डास मलेरिया देतो, डेंग्यू देतो, तरी माणूस चारचौघांत "आमच्याकडं लई डास" असं जवळजवळ अभिमानानं सांगतो. ढेकणानं माणसाला एखादा रोग दिल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. तरी त्याचं नाव घेताना आवाज असा खाली येतो, जणू घरातलं कुणी पळून गेलंय.

ती लाज मलाही लागली. कृषी केंद्रात गेलो आणि कीटकनाशक मागितलं. दुकानदारानं पहिला प्रश्न टाकला, "कोणत्या पिकावर?" मागं दोन पालक उभे. मी म्हटलं, "हरभऱ्यावर." त्यानं घाटेअळीवर व्याख्यान दिलं, पंपाला किती मिली ते सांगितलं आणि विचारलं, "किती एकर?" शेतातलं विष झोपायच्या खोलीत फवारायचं नसतं एवढी अक्कल शाबूत होती, म्हणून विचारून सांगतो म्हणत हरभरा तसाच अळीच्या हवाली करून मी परतलो.

बाकीचे उपाय झाले. रॉकेल औषधालाही मिळेना. कडुलिंबाचा पाला अंथरला, त्याचा वास फक्त मला सहन झाला नाही. दिवाळीला खोली बंद करून गावी गेलो, म्हटलं उपाशी मरतील. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. परत आलो तेव्हा त्यांनी माझं जे स्वागत केलं, तसं माझ्या घरच्यांनीही केलं नव्हतं. डीडीटीचा धाकही त्यांना राहिलेला नाही. हवाई बेटांतल्या पर्ल हार्बरला डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले ते 1947 साली. आपण आणि ते एकाच वर्षी स्वतंत्र झालो.

त्या दिवाळीच्या सुमाराला पॅरिसमध्ये मेट्रोत, सिनेमागृहांत ढेकूण झाल्याच्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या. काकूंची लाज कमी व्हावी म्हणून मी म्हटलं, "बघा काकू, पॅरिसमध्येसुद्धा आहेत."

"मग तुम्ही तिकडं कवा गेलते?" काकू म्हणाल्या.

शेवटी उरलं उकळतं पाणी. गल्ली उठायच्या आत पलंग अंगणात काढायचा, सांध्यांत पाणी ओतायचं आणि उजाडायच्या आत सगळं जागेवर, असा काकूंचा हुकूम. 21 मार्च 2024ला सकाळी सहा वाजून गेले होते, मला उशीरच झाला होता. मी किटली वाकवली आणि जमीन गुरगुरली. 4.5 तीव्रतेचा भूकंप. हिंगोली, परभणी, नांदेड, सगळीकडं माणसं रस्त्यावर आली. आमची गल्लीही मिळेल त्या कपड्यात धावत आली आणि बघते तर काय, सर पूर्ण पोशाखात, पलंग आधीच अंगणात.

"सर, तुम्हाला आधीच कळालं का काय?" समोरच्या आजोबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू पुढं झाल्या. "हाव! सरांना कळतंय. रातीच म्हणले, पलंग भाईर काढतो." ढेकणापेक्षा घरात ज्योतिषी असलेला त्यांना परवडला. तेव्हापासून गल्लीत मला चहा बिनसाखरेचा मिळाला नाही.

ढेकणांचा निकाल मात्र हळदीनं लावला. आमच्याकडं मार्च-एप्रिलात शेताशेतांत हळद शिजवायचे बॉयलर धडधडत असतात. पन्नास अंशांच्या पुढं ढेकूण टिकत नाही, त्याची अंडीही नाहीत, आणि वाफ तर शंभरावर. काकूंनी त्यांच्या भावाच्या शेतात पलंग बैलगाडीतून धाडला. "लाकडाला किडा लागू नये म्हणून," असं गाडीवाल्याला सांगितलं. हळदीच्या पिंपाची नळी काढून गड्यानं सांध्या-सांध्यांत वाफ सोडली. पलंग पिवळसर होऊन परत आला आणि शाळेत पोरांनी उठवलं की सरांच्या आधी सरांच्या पलंगाला हळद लागली.

10 जुलैला सकाळी सात वाजून गेल्यावर पुन्हा 4.5चा धक्का बसला. मी गाढ झोपेत. भांडी पडली तेव्हा जागा झालो आणि लुंगी सावरत बाहेर आलो. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती.

"सर, या खेपेला सांगितलं नाही?" आजोबा चांगलेच दुखावले होते.

"कसं सांगतील?" काकू बोलून गेल्या. "आता झोप लागायली की त्यांना."

"म्हंजी? आधी काय झालतं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला, माझ्याकडं बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "डास होते."