भिलाईचे समुद्रकिनारे

भिलाईला समुद्रकिनारा नाही. सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर, आणि पुरीला जा की विशाखापट्टणमला, रस्त्याने तो सहाशे किलोमीटरच्या घरात पडतो. ही एक उणीव सोडली, तर किनाऱ्यावरच्या शहराला लागते ते बाकी सगळे भिलाईच्या वैशाली नगरात आहे: नारळाची झाडे छापलेले शर्ट, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, काळे चष्मे, फुगवायच्या रबरी ट्यूब आणि दर आठवड्याला न चुकता येणारा रविवार. हा सरंजाम सुपेल्याच्या बाजारात रास्त भावात मिळतो. तो वापरायचा कुठे, या अडचणीतून भिलाईची एक दिवसाची सहल जन्माला आली.

भूगोलाने या गावाची थोडी थट्टाच केली आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून जी. ई. रोड असलेला राष्ट्रीय महामार्ग ५३ गुजरातेत हजीऱ्याला समुद्रापाशी सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला समुद्रापाशीच संपतो. दोन्ही टोकांना बंदर असलेल्या या रस्त्यावर भिलाईच्या वाट्याला मधला तुकडा आला आहे, ज्यावर बंदर नाही, टोलनाका आहे. शिवनाथ नदी गावाच्या बाजूने वाहते, पुढे महानदीला मिळते, आणि महानदी पारादीपजवळ समुद्राला. तिला रजेचा अर्ज करावा लागत नाही. लोखंडाचेही तेच. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’साठी जे खास पोलाद लागले, त्यात भिलाईचा वाटा आहे. गावचे पाणी समुद्रावर जाते, पोलाद समुद्रावर जाते, रस्ता तर दोन समुद्रांवर जातो. मागे राहतो तो जनरल शिफ्ट संपवून सायंकाळी भाजी घेऊन घरी येणारा भिलाईकर.

या भिलाईकरांत मराठी घरे बरीच आहेत. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते. कारखाना उभा राहिला तेव्हा विदर्भातून नोकरीला येणाऱ्यांना परमुलखात आल्यासारखे वाटले नसावे. त्यांनी येताना सांबारवडी आणली, पोह्यांवरची तर्री आणली, आणि ‘लवकर निघू, उन्हाच्या आत पोहोचू’ हे वाक्यही आणले. एक दिवसाच्या सहलीत निघण्याची जाहीर वेळ सकाळी सहाची असते. शनिवारी रात्री पुऱ्यांची कणीक तिंबली जाते, थर्मास धुऊन पालथा ठेवला जातो, सतरंजी माळ्यावरून काढली जाते. रविवारी सहाला ज्यांची खरोखर तयारी झालेली असते, ते फक्त घरातले आजोबा. ते मोजे चढवून खुर्चीवर बसतात आणि साडेआठपर्यंत तसेच बसून राहतात. सात जणांच्या गाडीत नऊ जण बसवायचे कसे, याची चर्चा दर सहलीला नव्याने होते, जणू मागच्या वेळी नऊ जण बसलेच नव्हते. घडी चौकात नवव्या माणसासाठी थांबावे लागते. हा बहुधा भाचा असतो. तो नाइट शिफ्ट करून थेट येतो, मागच्या सीटवर डब्यांच्या पिशव्यांमध्ये शिरतो आणि दिवसभर झोपतो. फोटोपुरते त्याला उठवतात. सहलीत विश्रांती मिळालेला तो एकटाच.

स्थळे अंतराच्या क्रमाने घेतली, तर पहिले नाव मैत्री बागेचे. १९७२ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीखातर ही बाग उभारली गेली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. बागेने त्याची दखल घेतलेली नाही. इथे प्राणिसंग्रहालय आहे, छोटी रेल्वे आहे, संगीतावर नाचणारे कारंजे आहे, आणि पांढरे वाघ ही खास प्रतिष्ठेची बाब. वाघाचे वेळापत्रक नाइट शिफ्टच्या भाच्यासारखेच असते. बागेत तळे आहे आणि तळ्यात पायाने चालवायच्या होड्या. त्यात दोघांनी जोर लावायचा आणि दोघांनी दिशा सांगायची अशी पद्धत आहे. बाग गावातच असल्यामुळे तिथे जाऊन आल्याला सहल म्हणावे का, यावर मतभेद आहेत. ज्यांनी डबा नेला, ते सहल म्हणतात.

चरोद्याजवळ देवबलोद्याला कलचुरी काळातले, तेराव्या शतकातले शिवमंदिर आहे. भिंतींवर शिकारीची, नाचगाण्याची, हत्ती-घोड्यांची शिल्पे कोरलेली आहेत. शिखर मात्र नाही. कारागिराने काम अर्धवट टाकून शेजारच्या कुंडात उडी घेतल्याची कथा गावात सांगतात. महाशिवरात्रीला जत्रा भरते. एरवी गर्दी बेताची. एवढ्या जवळ एवढे जुने काम असूनही वैशाली नगरातून तिथे मुद्दाम जाणारे थोडे. अर्धवट राहिलेली बांधकामे भिलाईकराला रोजच्या रस्त्यावर पाहायला मिळतात, त्यासाठी रविवार खर्च करायला त्याचे मन घेत नाही.

पश्चिमेला डोंगरगड. बमलेश्वरीच्या दर्शनाला हजारावर पायऱ्या आहेत आणि ज्यांना पायऱ्यांचा नवस नाही त्यांच्यासाठी रोपवे. देवीचे ठिकाण असल्याने त्याला सहल म्हटले की घरातल्या ज्येष्ठांना राग येतो आणि यात्रा म्हटले की धाकट्यांना. वाटेत राजनांदगाव लागते. इथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घर मराठी, कविता हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहिणारे. महाविद्यालयाजवळच्या त्रिवेणी परिसरात मुक्तिबोधांचे स्मारक आहे. गाडी तिथून जाताना पुढच्या सीटवरचे काका बोट दाखवून सांगतात, “हे आपले मुक्तिबोध बरं का!” मागून विचारणा होते की तिथे नाश्त्याला काय चांगले मिळते. गाडी थांबत नाही.

आता मुख्य विषय. धमतरीच्या पुढे महानदीवर गंगरेलचे धरण आहे. १९७०च्या दशकात बांधलेल्या या धरणाचे सरकारी नाव रविशंकर सागर. त्यामुळे सागर हा शब्द निदान पाटीवर मिळतो. भिलाईहून अंतर नव्वद-शंभर किलोमीटर. काठावर वाळूचा किनारा तयार केला आहे, गवताच्या टोप्या घातल्यासारख्या झोपड्या आहेत, मोटारबोटी आहेत, आणि या सगळ्याचे नाव ‘मिनी गोवा’ असे पडले आहे.

छत्तीसगडात कोणत्याही स्थळाला स्वतःच्या नावावर जगू देत नाहीत. चित्रकोटचा धबधबा हा भारताचा नायगरा, मैनपाट हे छत्तीसगडचे शिमला, राजीम हे छत्तीसगडचे प्रयाग. गोव्यात अजून कोणी कळंगुटला ‘मोठे गंगरेल’ म्हटल्याचे ऐकिवात नाही. अर्थात नाना प्रांतांतून आलेल्या माणसांमुळे भिलाईलाही ‘मिनी भारत’ म्हणतात, आणि मिनी भारताला मिनी गोवा हाताशी असणे प्रमाणाला धरूनच आहे.

गंगरेलच्या किनाऱ्यावर समुद्रावरचे सर्व विधी यथासांग होतात. पँटी दुमडल्या जातात, वाळूत किल्ले होतात, एक चप्पल हरवते. लाट येत नाही. मोटारबोट जवळून गेली की पाणी दोन-चार वेळा काठाला थडकते, तेवढ्यावर मुले किंचाळून घेतात. कोकणातून किंवा ठाण्याहून आलेला पाहुणा असेल तर त्याला आवर्जून इथे आणण्याचा रिवाज आहे. तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि शेवटी म्हणतो, “पाणी स्वच्छ आहे हो तुमचं.” यजमान ही गोव्यावर मात समजतात. पाहुण्याबरोबरची सहा-सात वर्षांची मुलगी पाणी चाखते आणि तक्रार करते की हे खारट नाही. मामी बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, फोडींसाठी आणलेली मिठाची पुडी तिच्या हातात देते. प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

या पाण्याची दुसरी बाजू सहलीच्या कार्यक्रमात नसते. धरणात बुडालेल्या गावांची संख्या बावन्न सांगतात, आणि काठावरच्या अंगारमोती देवीलाही बुडालेल्या ठाण्यावरून इथे हलवावे लागले. मिनी गोव्यात मूळचा राहणारा असा कोणी असेल तर ती देवी, आणि तिचेही पुनर्वसन झालेले. शिवाय गंगरेलचे पाणी कालव्यांनी खाली येते आणि भिलाईच्या कारखान्यालाही पुरवले जाते. म्हणजे जे पाणी पाहायला भिलाईकर नव्वद किलोमीटर जातो, ते स्वतः भिलाईला यायला निघालेले असते. वाटेत दोघांची चुकामूक होते.

बालोदजवळचे तांदुळा धरण इंग्रजांच्या काळातले, तेही भिलाईला पाणी पुरवते. पण त्याला अजून कोणी परदेशी नाव न दिल्यामुळे ते मागे पडले. राजीमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे आणि राजीवलोचनाचे देखणे मंदिर आहे. तिथल्या माघातल्या मेळ्याचा ‘कुंभ’ झाला, २०१९ मध्ये कुंभाचा ‘पुन्नी मेळा’ झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा कुंभ. सरकार बदलले की मेळ्याचे नाव बदलते; वाळूतले पाणी तेवढेच राहते.

सिरपूर मात्र वेगळे. महानदीच्या काठी सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर आहे. महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिने ते आपल्या दिवंगत पतीसाठी बांधवले. विटा इतक्या चपखल बसवल्या आहेत आणि त्यांतच नक्षी इतकी बारीक कोरली आहे की जवळ जाऊन बोट फिरवले तरी सांधा लागत नाही. भिलाईहून दिवसभरात पाहून येण्याजोग्या जागांत याच्या तोडीचे दुसरे काही नाही. आजूबाजूला बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. सहलीत सिरपूरला वीस मिनिटे देतात, कारण पुढे रायपूरला जेवायचे असते.

खऱ्या समुद्राचा एक दिवस आता कागदोपत्री शक्य झाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ती शेजारच्या दुर्गहून पहाटे पावणेसहाला सुटते, रायपूर, महासमुंद, टिटलागड, रायगडा, विजयनगरम करत दुपारी पावणेदोनला विशाखापट्टणमला पोहोचते. तीच गाडी दोन पन्नासला परत निघते आणि रात्री दहा पन्नासला दुर्गला येते. सोळा तासांचा प्रवास आणि एक तास पाच मिनिटांचा समुद्र. या पासष्ट मिनिटांत स्टेशनाबाहेर पडणे, रिक्षावाल्याशी तेलुगू, हिंदी आणि बोटे या तीन भाषांत घासाघीस करणे, रामकृष्ण बीच गाठणे आणि परत येणे बसवायचे आहे. हिशेबी माणसांच्या मते प्रत्यक्ष पाण्याच्या वाट्याला वीस मिनिटे येतात, त्यांतली चार बूट काढण्यात आणि सहा पायाची वाळू झटकण्यात जातात. परतीच्या प्रवासात आठ तास वातानुकूलित डब्यात ओल्या पँटीने बसावे लागते. नाइट शिफ्टच्या भाच्याला हा बेत पसंत पडेल. सलग सोळा तास झोप दुसऱ्या कुठल्या सहलीत मिळत नाही. आजोबांनाही पसंत पडेल, कारण आयुष्यात प्रथमच वेळेवर निघावे लागेल.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी रायपूर–विशाखापट्टणम हा ४६४ किलोमीटरचा सहा पदरी महामार्ग बांधला जात आहे. केशकालच्या डोंगराळ भागात त्यासाठी बोगदा खणला आहे. आज बारा तास खाणारा प्रवास निम्म्यावर येईल असा सरकारी दावा आहे. तो खरा मानला तर पहाटे चारला निघून, दोन तास समुद्रावर काढून मध्यरात्रीच्या आत घरी येता येईल. वैशाली नगराच्या हिशेबाने म्हणजे साडेसहाला निघून पहाटे अडीचला. उलट दिशेने येणाऱ्या विशाखापट्टणमकरांना इकडे काय दाखवायचे, याचा विचार मात्र अजून झालेला दिसत नाही. पोलाद कारखाना त्यांच्याकडे आहे, आणि तोही समुद्राकाठी.

रस्ता झाला की समुद्र जवळ येणार आणि समुद्र जवळ आला की प्लॉटचे भाव चढणार, हे ओघाने आलेच. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांच्या जाहिराती निघायला तेव्हा तांत्रिक हरकत उरणार नाही. दिशेचा प्रश्न तेवढा आहे. भिलाईहून विशाखापट्टणम आग्नेयेला येते, आणि वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेय कोपरा स्वयंपाकघराचा. त्यामुळे वैशाली नगरातल्या घरांतून समुद्राकडे तोंड करून बसायचा मान कुकरला मिळेल.