ज्येष्ठताकाका

ज्येष्ठताकाकांची अख्खी नोकरी आस्थापना शाखेत गेली. सेवाज्येष्ठता याद्या करता करता ते निवृत्त झाले; खोड मात्र अजून सेवेत आहे. आता ते नागपुरातल्या संन्याशांच्या याद्या करतात.

धंतोलीच्या रामकृष्ण मठात त्यांचं गाडं अडलं. आधी ब्रह्मचारी, संन्यास घेतल्यावर स्वामी, इथवर ठीक. पण हाक मारायला अध्यक्षही महाराज आणि कोठी सांभाळणारे भांडारीही महाराज! "सगळेच महाराज, तर मग चार्ज कोणाकडे आहे जी?" सेमिनरी हिल्सवरच्या ख्रिस्ती सेमिनरीतलं रेक्टर हे प्रमुखपद मात्र त्यांना ऐकताक्षणी पटलं.

खरं सुख लाभलं ते विहारात. आधी श्रामणेर, उपसंपदा झाली की भिक्खू, दहा वर्षावासांनी थेर, विसांनी महाथेर. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहिलं की एक वर्षावास जमा. खातेपरीक्षा नाही, गोपनीय अहवाल नाही! वयही मोजत नाहीत, उपसंपदेची तारीख मोजतात. पंचविशीतला भिक्खू साठीतल्या नवख्याच्या वर बसतो. काकांनी वहीच घातली. भन्तेजी दिसले की "कितवा वर्षावास चालू आहे जी?" हे आधी, वंदन मागाहून. बाबासाहेबांनी १९५६ साली चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली, हे सांगताना 'महास्थविर'वर, म्हणजे महाथेरवर, असा जोर, की फाईल जणू यांच्याच टेबलावरून पुढे गेली. ही उतरंड मिरवण्यासाठी नसते, मानपानावरून तंटा नको म्हणून असते. पण हे काकांना कोण सांगणार?

परवा भोजनदानाला आसनं लावायचं काम काकांनी आपणहून घेतलं. महाथेरांपासून सुरुवात करून शेवटच्या आसनाशी पोचले, तर तिथे त्यांचे जुने साहेब! निवृत्तीनंतर चीवर घेतलेले, अजून एकही वर्षावास खात्यात नाही. याच साहेबांनी "सावकाश होऊ द्या" म्हणत काकांची बढती वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवली होती. काकांचा चेहरा उजळला.

"पाहून राहिले ना? यादीत सगळ्यात खाली!" ते माझ्या कानात कुजबुजले.

"वंदन करा ना बाप्पा भन्तेजींना," मागून एक आजी खेकसल्या.

भिक्खू कालचा का असेना, उपासकानं त्याला तीनदा वाकून वंदन करायचं. काका गुडघ्यांवर बसले. दुसऱ्या वंदनाला कंबरेत उसण भरली, तिसऱ्याला ते खालीच राहिले.

"सुखी होतु," भन्ते म्हणाले. मग जरा पुढे झुकून, अगदी जुन्या सुरात, "सावकाश होऊ द्या."