दोन बोटांची फट

ओळख झाल्यावर हा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे नंतर बघतो, आधी त्याच्या गाडीच्या चाकाकडे. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं आडवी घालतो आणि एक्स-रे उजेडात धरलेल्या डॉक्टरसारखा 'हं' करतो. 'चार बोटं!' फट दोनच बोटांची हवी. त्याहून जास्त दिसली की गाडी, मालक आणि मालकाचं खानदान, तिन्हींबद्दल त्याचं मत कायमचं ठरतं.

याची स्वतःची गाडी म्हणजे चाकणला बनलेली सेकंडहँड पोलो. जमिनीपासून सुमारे 165 मिलिमीटर उंच. 'जर्मन लोक आपल्या रस्त्यांना घाबरले,' तो म्हणतो. (घाबरले यात त्यांचं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही.) मग एक दिवस गाडी 35 मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचं खोकं घरी येतं. वजन खाली गेलं की गाडी वळणावर कमी कलते, हे अगदी खरं. पण वारजे ते हिंजवडी या त्याच्या रोजच्या वाटेवर कलण्याइतका वेग गाडीला मिळतो कुठे?

स्प्रिंगा बसवायच्या मात्र घरीच. गॅरेजवाले नट 'अंदाजानं' आवळतात, हे त्याचं जुनं दुखणं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी पडते, जॅक लागतो आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही म्हणून स्टँडही लागतो. एवढ्या बाबतीत तो शहाणा आहे. मागचं काम सोपं. शॉकॉपचा खालचा बोल्ट काढला की बीम खाली झुकतो आणि स्प्रिंग हातात येते. त्या यशावर चहा होतो.

पुढे मात्र खरी परीक्षा. तिथली स्प्रिंग शॉकॉपभोवती दाबून बसवलेली असते. दोन बाजूंना आकडेवाले लांब स्क्रू लावून, थोडं इकडे थोडं तिकडे असं ती सारखी आवळत न्यायची आणि मगच वरच्या नटाला हात लावायचा. घाई केली तर स्प्रिंग जबडा घेऊन जाते. म्हणून तो तोंड पार बाजूला करून पाना फिरवतो, आणि बॅटरी धरायला बोलावलेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बॅटरीसकट खांबामागे जातो. वरून आई जेवायला हाक मारते. 'दोन मिनिटं' हे उत्तर दिवेलागणीपर्यंत पुरतं.

शेवटी गाडी जमिनीवर येते. तो चार पावलं मागे जाऊन डोळे भरून बघत असताना वॉचमन विचारतो, "शॉकॉप गेले का, दादा?"

एरवी मागच्या सीटवर कुणाला बसू न देणारा हा माणूस पहिल्या आठवड्यात सोसायटीतल्या सगळ्यात वजनदार काकांना आग्रहानं फिरवून आणतो. काकांना भरून येतं. याला स्प्रिंगा आणखी दोन-चार मिलिमीटर बसायला हव्या असतात.

स्वभावही बदलतो. काल-परवापर्यंत गतिरोधकावरून उडणारा हा, इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक पाठ असलेला आमच्या भागातला एकमेव नागरिक होतो: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर. गल्लीतला उंचवटा त्या मानकात कुठेच बसत नाही, हे तो टेप लावून दाखवतो. मग गाडी तिरकी करून एकेक चाक असं चढवतो. मागे हॉर्नचा कल्लोळ. गाडी भरलेली असेल तर माणसं उतरवतो. सासूबाई पिशवी सांभाळत पायी पलीकडे जाऊन उभ्या राहतात. शाळेपुढे हळू, खड्ड्यापुढे त्याहून हळू. वाहतूक पोलिसांनी सत्कार करावा असा चालक, फक्त त्या समारंभात गाडीत परस्पर बदल करण्याबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विषय निघता कामा नये.

कंपनीच्या मूळ स्प्रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, पितळी पातेल्यांशेजारी ठेवलेल्या आहेत. गाडी विकताना लागतील म्हणून.

परवा बायको म्हणाली, "मे महिन्यात देवगडहून आंब्याच्या चार पेट्या आणू या."

त्यानं डोळे मिटून हिशेब केला. "चार जमतील," तो म्हणाला. "तू एसटीनं आलीस तर."