विकणे आहे : माप बावन्न

गॅरेज मोटारीसाठी असतं, हे भाऊकाकांना उत्तर कॅरोलायनातल्या कॅरीत तीसेक वर्षं काढूनही पटलेलं नाही. त्यांच्या मोटारी ऊन, पाऊस आणि एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांवरून उडणारी पिवळी भुकटी अंगावर घेत बाहेर उभ्या असतात. आत, खाली गालिचा, वर पंखा, भिंतीला आकडे अशा इतमामात सायकली राहतात. बहुतेक इटालियन, दोन इंग्रज, एक फ्रेंच, एक जपानी. आता काकांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि काका-काकू जिने नसलेल्या लहान घरात चालली आहेत. नव्या घराचं गॅरेज एका मोटारीपुरतं. काकूंनी घर मुद्दाम तसं निवडलं असा काकांना संशय आहे. काकूंनी तो नाकारलेला नाही.

विकण्याचं काम माझ्याकडे आलं. काकांची मुलं पश्चिम किनाऱ्यावर, ती फोनवर सांगतात, "बाबा, देऊन टाका सगळं." हे ऐकलं की काका काही न बोलता फोन काकूंच्या हातात देतात. मी पुतणी, जवळच रॅलेत राहते, आणि सायकलीतलं मला काही कळत नव्हतं, ही माझी मोठी पात्रता ठरली. कळणारा माणूस विकायला बसवला असता तर निम्म्या त्यानेच घरी नेल्या असत्या.

काका या भागात आले कसे, याबद्दल घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात, रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये चांगली नोकरी मिळाली. काकू म्हणतात, यांनी नेमणुकीच्या पत्रात 'रॅले' एवढाच शब्द वाचला आणि सही केली. वास्तविक या शहराचा आणि रॅले सायकलीचा धंद्याचा काही संबंध नाही. सायकलीला नाव मिळालं इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरून, 1887च्या सुमारास. पण ज्याचं बालपण साठच्या दशकातल्या पुण्यात गेलं, त्याला रॅले म्हटल्यावर शहर कुठून दिसणार!

तेव्हाचं पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा, डबलसीट सापडलात तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. काकांच्या घरात एकच सायकल, तीही माझ्या उंच आजोबांच्या मापाची. काका ती नळीच्या खालून पाय घालून, एका अंगाला लोंबकळत शिकले. गल्लीतल्या डॉक्टरांकडे विलायती रॅले होती. आसनसोलला सेन-रॅले बनायला लागल्या तरी विलायतीचा तोरा वेगळाच. ती काकांना चालवायला कधी मिळाली नाही. रविवारी पुसायला मिळायची, आणि काका आनंदाने पुसायचे. दुसऱ्याच्या मापाची सायकल चालवत वाढलेल्या या मुलाने पुढे पगार हातात आल्यावर जन्मभर फक्त स्वतःच्या मापाच्या सायकली घेतल्या. काकांची उंची 5 फूट 5 इंच. शर्यतीच्या सायकलीचा सांगाडा सेंटिमीटरमध्ये मोजतात. काकांचं माप 52.

हे माप किती अडचणीचं आहे ते विकायला बसेपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. उत्तर कॅरोलायनातला जुन्या सायकलींचा शौकीन हा साधारणपणे साठीचा, सज्जन आणि 6 फुटी माणूस असतो. तो एपेक्सहून किंवा डरहॅमहून येतो, फोटोत दिसलेली इटालियन कोलनागो बघतो, नळीवरच्या छोट्या किलवरच्या पानावरून बोट फिरवतो, रंग मूळचाच आहे ना विचारतो. मग टांग टाकतो आणि त्याचे गुडघे हँडलला लागतात. थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही. सीट वर करून बघितली जाते. शेवटी तो काकांचा हात हातात घेऊन "सुंदर, फार सुंदर" म्हणतो आणि मोटारीत बसून निघून जातो.

एक गृहस्थ मात्र गुडघे लागूनही उतरेनात. त्यांनी 1979 साली 'ब्रेकिंग अवे' हा सिनेमा पाहिला होता. इंडियानातल्या ब्लूमिंग्टन गावच्या एका पोराला इटालियन सायकलींचं इतकं वेड लागतं की तो घरातही इटालियन असल्यासारखा वागतो, अशी त्याची गोष्ट. हे गृहस्थ तेव्हा शाळेत होते. वडिलांकडे त्यांनी इटालियन सायकल मागितली होती आणि वडिलांनी गवत कापायचं यंत्र दाखवलं होतं. काका त्यांना जे प्रश्न विचारत होते ते स्थळ म्हणून आलेल्या मुलाला विचारतात त्या थाटाचे होते : राहता कुठे, घरात दमटपणा आहे का, पावसात काढाल का, आधीच्या किती आहेत. शेवटी कळलं की गृहस्थ ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगणार. मला वाटलं, मोडलं हे. पण काका म्हणाले, "न्या. माझ्याकडेही ती भिंतीवरच होती."

त्या दिवसानंतर मला या बाजाराचा भाव कळायला लागला. माणूस सायकल विकत घेत नाही. पंधराव्या वर्षी मागितलेली आणि न मिळालेली सायकल विकत घेतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सायकलींची लाट आली होती, एकट्या 1973 साली दीड कोटीच्या वर सायकली खपल्या. त्या लाटेतली पोरं पुढे मिळवती झाली, त्यांची कर्जं फिटली, मुलं कॉलेजात गेली, आणि जुन्या इटालियन सायकलींचे भाव चढले. कॅरीहून मोटारीने तासा-सव्वातासावर ग्रीन्सबरोला त्या काळात 'सर्क दु सिक्लिस्म' नावाचा जुन्या हलक्या सायकलींचा मेळावा भरायचा. काका तिथे एक सायकल विकायला जायचे आणि दोन घेऊन यायचे. तिकडे इटलीत 1997 पासून 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिचा नियम असा की सायकल 1987च्या आधीची हवी, गिअरचे दांडे खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या गेलेल्या हव्यात. अडगळीत पडलेल्या कितीतरी सायकलींना या एका नियमाने पुन्हा किंमत आली.

पण पंधराव्या वर्षाचं देणं एकदाच फिटतं. ज्यांनी घ्यायच्या होत्या त्यांनी घेतल्या. आता त्यांचेही गुडघे गेले, आणि तेच विकायला काढताहेत. त्यांच्या मुलांना पंधराव्या वर्षी काही वेगळंच हवं होतं, बहुधा व्हिडिओ गेम. तेव्हा जुन्या सायकली विकायची योग्य वेळ म्हणजे आपण म्हातारे व्हायच्या आधी दहा वर्षं. ती आपल्याला तेव्हा कळत नाही आणि कोणी सांगितली तर राग येतो. 2020 साली करोनात साऱ्या अमेरिकेतली दुकानं रिकामी झाली, माणसं दिसेल ती सायकल उचलत होती, तेव्हा शेजाऱ्यांनी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले, "हे दिवस काय विकायचे आहेत?" दोन-तीन वर्षांत गुदामं भरून वाहू लागली आणि नवीच सायकल सवलतीत मिळायला लागली.

किंमत आणि उपयोग यांचा इथे संबंध नसतो, हे दुसरं ज्ञान. काकांकडची सगळ्यात महाग, सगळ्यात हलकी, सगळ्यात वेगवान सायकल कार्बनची. तिला काही झालेलं नाही. पण 2018 मध्ये जागतिक सायकल संघटनेने शर्यतींत डिस्क ब्रेकना कायमची परवानगी दिली, आणि रिमला चिमटणारे ब्रेक असलेल्या उत्तमोत्तम सायकली एकाएकी जुन्या झाल्या. वर कार्बनला आतून तडा असेल तर बाहेरून दिसत नाही, म्हणून येणारा जाणारा खिशातलं नाणं काढून तिच्यावर टकटक करून ऐकतो. ती घेतली त्याच्या चौथ्या हिश्श्यातही जाईना.

याउलट कांपान्योलो कंपनीचे ऐंशीच्या दशकातले डेल्टा ब्रेक. इटलीत विचेंझा इथे 1933 साली सुरू झालेली ही कंपनी. तिच्या मालकांची गोष्ट काका प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात : 1927 साली डोंगरातल्या शर्यतीत बर्फ पडत होतं, बोटं गारठली, चाकाचे नट सुटेनात, आणि तिथेच त्यांच्या मनात एका दांडीने सुटणाऱ्या चाकाची कल्पना आली. गोष्ट खरी असो वा नसो, चाक खरोखर एका दांडीने सुटतं. पण त्याच कंपनीचा डेल्टा ब्रेक म्हणजे दिसायला अतिशय देखणा आणि सायकल थांबवण्याच्या बाबतीत निरुत्साही. त्याला शेकडो डॉलर मिळाले, तेही न बघता, पाठोपाठ तीन गिऱ्हाइकांकडून मागणी. जो ब्रेक नीट लागत नाही त्याला भाव आहे आणि जी सायकल नीट चालते तिला नाही, असा हा व्यवहार.

सुटे भाग तर वेगळंच प्रकरण. सायकल अखंड विकली तर जेवढे येतात त्याहून ती मोडून, भाग सुटे करून विकली तर जास्त येतात, हे कळलं तेव्हा मी काकांना अगदी हळू आवाजात सांगितलं. काका म्हणाले, "अगं, ही सायकल आहे. भंगार नव्हे." त्यामुळे आधीच सुटे असलेले भागच तेवढे विकले. त्यांतही राष्ट्राराष्ट्रांची भांडणं. पायडलच्या दांड्यांना जोडणारा आस ज्यात फिरतो ते बी.बी. (बॉटम ब्रॅकेट) कप बघा. इंग्रजी कपाचे उजवीकडचे आटे उलटे, म्हणजे घट्ट करायला डावीकडे फिरवायचे. इटालियन कपाचे दोन्हीकडचे सुलटे, त्यामुळे उजवा चालता चालता आपोआप सैल होतो. फ्रेंच दोन्हीकडचे सुलटेच, पण मापच निराळं. स्विसांनी फ्रेंचांचं माप घेतलं आणि आटे इंग्रजांसारखे उलटे ठेवले, बहुधा तटस्थ राहण्यासाठी. काकांच्या कपाटात हे चारही देश बिस्किटांच्या डब्यांत, वर मराठीत चिठ्ठ्या चिकटवून, नांदत होते. एका चिठ्ठीवर 'उलटा, जपून' एवढंच. मला वाटलं, हा काकूंचा डबा असावा.

काकूंचा विषय निघालाच आहे तर सांगते. सायकलवाल्यांत जगभर एक विनोद चालतो : मी मेल्यावर बायको माझ्या सायकली मी तिला सांगितलेल्या किमतीला विकेल, एवढीच भीती वाटते. काकूंना काकांनी प्रत्येक सायकल 200 डॉलरला घेतल्याचं सांगितलं होतं. प्रत्येक. काळ बदलला, महागाई वाढली, आकडा बदलला नाही. पहिली कोलनागो हजाराच्या वर गेली तेव्हा काकूंनी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, "पाचपट नफा झाला की हो." काका तेलाची बाटली शोधायला गेले. ज्या किमतीला ती घेतली होती ती मला ठाऊक आहे. इथे छापणार नाही.

प्रसिद्ध माणसाच्या सायकलीचं गणित निराळं असतं. नट रॉबिन विल्यम्सला असंच वेड होतं. 2016 साली त्याच्या मुलांनी 80हून अधिक सायकली लिलावात काढल्या आणि आलेली रक्कम अपंग खेळाडूंसाठी व इतर मदतीसाठी दिली. हे वाचून काकू म्हणाल्या, "यांनीही एखादा सिनेमा करायला हवा होता." मी पुण्यातल्या कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयाचं नाव सुचवून पाहिलं. काका खूश झाले, मग जहाजाचं भाडं ऐकून गप्प झाले.

इंटरनेटवर जाहिरात दिली की पहिला संदेश येतो : अजून आहे का? आहे म्हटलं की पुढे शांतता. दुसरा विचारतो, कमीत कमी किती? तिसरा न बघता, भाव न करता पूर्ण किमतीला तयार असतो. त्याचा माणूस ट्रक घेऊन येणार, चेक जास्त रकमेचा असणार आणि वरचे पैसे आपण ट्रकवाल्याला द्यायचे असतात. असा सज्जन भेटला तर त्याला उत्तर देऊ नये.

शेवटी मला जे आधी सुचायला हवं होतं ते काकूंना सुचलं. 52च्या मापाची माणसं कॅरीत नाहीत असं कोण म्हणतं? मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जेवणाच्या रांगेत पाहा. आम्ही मंडळात सांगितलं, माणसं आली, टांग टाकली, गुडघे कुठेही लागले नाहीत. काकांचा चेहरा उजळला. मग एकाने विचारलं, "कॅरिअर बसेल का?" दुसऱ्याने स्टँडची चौकशी केली. तिसरे मडगार्डशिवाय सायकल म्हणजे अर्धवट काम, असं म्हणून चहा पिऊन गेले. तरी एक मुलगी, इथेच वाढलेली, 5 फूट 4 इंच, निळी इटालियन घेऊन गेली. मेनपासून फ्लोरिडापर्यंत जाणारा ईस्ट कोस्ट ग्रीनवे कॅरीतून जातो. ती त्यावरून अमेरिकन टोबॅको ट्रेलपर्यंत रोज जाते म्हणे. तिच्याकडून काकांनी 200 डॉलरच घेतले. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे, तेवढ्यालाच तर घेतली होती."

उरलेले टायर, पाने आणि चार देशांचे डबे डरहॅमच्या सायकल सहकारी दुकानाला दिले, चिठ्ठ्यांसकट. आता शिल्लक दोनच : फ्रेंच प्यूजो आणि ती कार्बनची. माप 52, दोन्ही निर्दोष, नाणं आपलं आपण आणावं. उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर कॅरीत या. कॅरिअर बसत नाही, विचारू नये. काका दुपारी झोपतात, चारनंतर यावं. रोख किंवा चेक चालेल. चेक काकूंच्या नावाने लिहावा.