गड नको, संप्रदायच काढा!

शिरूर कासारच्या पट्ट्यात पाण्याचा दुष्काळ पडतो, देवांचा नाही. गावात सिद्धेश्वर, आसपास भगवानगड नि गहिनीनाथगड. सप्ताह, काला, पंगत हे कुणी शिकवायला नको.

पण खरा धर्म पुढाऱ्यांना ऐन वेळी दगा देतो. २०१६ च्या दसऱ्याला भगवानगडाच्या महंतांनी गडावर राजकीय भाषण होऊ दिलं नाही. मग पुढाऱ्यांचा दसरा मेळावा पायथ्याशी भरला. पुढच्या वर्षी सावरगाव घाटला गेला. तेव्हा पुढाऱ्यांनो, गड मागत हिंडण्यापेक्षा स्वतःचा संप्रदायच काढा, ही आमची नम्र सूचना.

नमुने तयार आहेत. १९६८ साली पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओंना आंबे दिले. माओंनी ते कामगारांकडे धाडले. एका कारखान्यात आंबा सडू लागला, तर तो सोलून पातेलंभर पाण्यात उकळला नि प्रत्येकाने चमचाभर तीर्थ घेतलं. पुढे मेणाचे आंबे काचेच्या पेटीत मिरवले. धर्माला अफू म्हणणाऱ्यांचा हा सप्ताह! लेनिनचा देह तर १९२४ पासून दर्शनाला ठेवलाय.

एरिक फोगेलिन नावाच्या पंडिताने १९३८ मध्ये व्हिएन्नात ‘राजकीय धर्म’ या नावाचं पुस्तकच छापलं. त्याच वर्षी नाझींची गेस्टापो मागे लागली नि त्याला देश सोडून पळावं लागलं. पुस्तकातलं म्हणणं खरं असल्याची पावती इतक्या तत्परतेने क्वचितच कुणाला मिळाली असेल.

आपल्याकडेही प्रयोग झाला. आणीबाणीतले काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ इंदिरा म्हणजेच इंडिया मानत. १९७७ मध्ये रायबरेलीच्या मतदारांनी देवीलाच पाडलं. असे नास्तिक मतदार संप्रदायाला चालत नाहीत.

दुसरी अडचण बाबासाहेबांची. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलंय, की धर्मातली भक्ती आत्म्याला तारेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडेच नेते. त्यावर उपाय सोपा आहे : पुतळ्याला हार घालावा, भाषण वाचू नये.

प्रवेशाची अट मात्र ठळक छापा : जनाबाईला बंदी. ती भर अभंगात विठोबाला शिव्या घालायची, आणि तो तिच्या शेजारी बसून दळण दळायचा. इतका ढिला देव आपल्या संप्रदायाला परवडणार नाही.