हयात आहे, अंगठा उमटत नाही

कॅन्सर झालेल्या माणसानं कसं वागावं, याचे नियम हिंदी सिनेमानं 1971 साली कायमचे ठरवून टाकले आहेत. त्या वर्षी ‘आनंद’ आला. त्यात राजेश खन्नाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा असतो आणि तो दोन तास हसतो, गातो, रस्त्यात दिसेल त्या परक्या माणसाला जुना दोस्त असल्यासारखी हाक मारतो. त्याला मळमळत नाही, त्याचं तोंड येत नाही, आणि आतड्याचा आजार असूनही संपूर्ण सिनेमात तो एकदाही घाईघाईनं संडासाकडे जात नाही. माझाही कॅन्सर निघाला तो मोठ्या आतड्याचाच. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांच्या माझ्याकडून फार अपेक्षा असत. मी सोफ्यावर कूस बदलत ‘या, बसा’ एवढंच पुटपुटलो की त्यांचा हिरमोड व्हायचा. एक लांबचे मेहुणे तर जाताना हिला म्हणाले, “ताई, यांनी जरा पॉझिटिव्ह राहायला पाहिजे.”

माझी सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. दस्त तपासायचे, साक्षीदार उभे करायचे, अंगठे घ्यायचे. अशा माणसाला गाणी म्हणत आजारी पडता येत नाही. त्याला आजाराचीही रीतसर नोंद लागते. मी एक दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर औषधाचं नाव, उजव्या पानावर त्यानं केलेला पराक्रम. डॉक्टरांना दाखवायला म्हणून सुरू केलेली ती वही घरातली माणसं रात्री जेवताना मोठ्यानं वाचून हसू लागली. पहिल्यांदा मला राग आला. मग मी मुद्दामच नोंदी रंगवून लिहायला लागलो.

ऑपरेशनमध्ये गाठ निघाली होती. ‘कुठे चुकूनमाकून काही राहिलं असेल तर’ म्हणून केमो. आमच्या तरुण डॉक्टरांनी वेळापत्रक समजावलं: दर 21 दिवसांनी हाताच्या शिरेतून ऑक्सॅलिप्लाटिन, त्यासोबत 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, आणि मग एक आठवडा सुट्टी. सुट्टी हा शब्द ऐकून मला जरा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

त्या ऑक्सॅलिप्लाटिनमध्ये खरोखरचं प्लॅटिनम असतं. 1965 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जंतू लांबच लांब वाढत गेले, पण एकाचे दोन व्हायचे थांबले. शोध घेतल्यावर कळलं की करामत विजेची नव्हती, वीज सोडायला वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांची होती. त्यातून सिस्प्लाटिन आलं, आणि आमचं औषध त्याच घराण्यातलं. ही सगळी हकीकत मी डे केअर वॉर्डात सलाईन चालू असताना हिला सांगितली. तिनं बाटलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “चाळीस वर्षं मी बांगड्या मागतेय, आणि तुम्ही प्लॅटिनम एकट्यानं लावलंत.”

या प्लॅटिनमचं थंडीशी हाडवैर असतं. सलाईन लागल्यावर पुढचे काही दिवस गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारख्या मुंग्या येतात, आणि गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून श्वासच अडकल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ऑक्टोबर चालू होता, नाशिकमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि थंडी हा विषय मला पुढच्या आर्थिक वर्षातला वाटला. घरी आलो, चहासाठी फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढलं आणि पुढच्या क्षणी दूध ओट्याखालच्या कप्प्यात, साय माझ्या पायावर आणि मी ‘शॉक बसला, शॉक बसला’ म्हणून मेन स्विचकडे धावतोय, असा प्रकार झाला. मुलानं इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावून फ्रीज तपासला, मग माझ्याकडे बघितलं आणि पैसे न घेता गेला.

त्यानंतर मला गणवेश मिळाला: लोकरीचे हातमोजे, मफलर, कानटोपी, पायांत मोजे. ऑक्टोबर हीटमध्ये, वरती पंखा बंद करून, कानटोपी घातलेला एक इसम हातमोजे चढवून चोरपावलांनी फ्रीज उघडतो आहे, हे दृश्य समोरच्या फ्लॅटमधल्या छोट्या मुलानं खिडकीतून पाहिलं आणि आईला हाक मारली, “आई, आजोबांकडे चोर आलाय!” शेजारधर्माला जागून त्या माउली लाटणं घेऊन आल्या. चोराला ओळखल्यावर त्यांनी खिचडी पाठवली.

उलट्या होऊ नयेत म्हणून सलाईनच्या आधी डेक्सामिथाझोन देतात. हे स्टेरॉइड आहे. त्यानं उलट्या थांबतात आणि झोपही थांबते. रात्री दोन वाजता माझ्या अंगात नोकरीतसुद्धा कधी न दिसलेला उत्साह संचारायचा. एका रात्री मी माळ्यावरच्या बॅगा उतरवल्या, दुसऱ्या रात्री इस्त्रीचे कपडे पुन्हा इस्त्री केले, आणि त्याच भरात एकदा मृत्युपत्राचा मसुदा करायला बसलो. मृत्युपत्राची नोंदणी कायद्यानं सक्तीची नाही, हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो. पण स्वतःचा दस्त कच्चा राहू द्यायला मन घेईना. मिळकतीच्या चतुःसीमा लिहिल्या. परिशिष्ट ‘अ’मध्ये फ्लॅट, परिशिष्ट ‘ब’मध्ये स्कूटर, परिशिष्ट ‘क’मध्ये स्वयंपाकघरातली भांडी, लहानमोठी, झाकणांसह.

सकाळी हिनं तो कागद चहाबरोबर वाचला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

“अहो, ही बिडाची कढई वहिनींना का?”

“अगं, त्यांनी एकदा मागितली होती.”

“मागितली होती म्हणजे? ती माझ्या आईची आहे. दस्तच बोगस आहे तुमचा!”

असं म्हणून तिनं मृत्युपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली. मी मरणार नाही असं डॉक्टरांपेक्षाही ठामपणे मला त्या दिवशी सांगण्यात आलं.

पोटाची परिस्थिती सरकारी होती. उलटीवरच्या ऑनडानसेट्रॉनमुळे कोठा बांधला जातो आणि कॅपेसिटाबिननं जुलाब लागतात. दोन्ही खाती एकाच इमारतीत, पण आपसात पत्रव्यवहार नाही. सोमवार-मंगळवार पूर्ण बंद, आणि बुधवारी सकाळी अचानक सगळ्या फायली एकदम निकाली. वहीत मी या दोन अवस्थांना ‘जावक बंद’ आणि ‘जावक जोरात’ असे मथळे दिले होते. डॉक्टरांनी ते गंभीर चेहऱ्यानं वाचले, जावक दिवसातून किती वेळा ते विचारलं आणि गोळ्यांचा डोस कमी केला. वहीचा तेवढा भाग तरी अधिकृत ठरला.

चव गेली ते मात्र जिव्हारी लागलं. वरणभाताला धातूचा वास, चहाला धातूची चव. अख्ख्या घरानं माझी समजूत घातली, पण एका रविवारी मी हट्टानं मिसळ आणवली. नाशिकच्या माणसाला मिसळीचा रस्सा नुसता कोमट आणि लाल लागला, म्हणजे पृथ्वीवर आता विश्वास ठेवावा असं काही उरलं नाही. तोंडात फोड होते, ते मात्र रश्श्यानं बरोबर ओळखले. ‘तिखट लागत नाही पण झोंबतं’ अशी नोंद त्या दिवशीच्या पानावर आहे.

केसांच्या बाबतीत मी जरा लबाडी केली. माझ्या औषधांनी केस विरळ होतात, पण बहुतेकांचं पूर्ण टक्कल पडत नाही. माझं ते पस्तिशीतच पडलेलं आहे. तरीही भेटायला येणारी माणसं दारातून आधी डोक्याकडे बघत आणि हळहळत, ‘काय हो हे!’ आयुष्यभर ज्या टकलावर चेष्टा ऐकली, त्याला पहिल्यांदा सहानुभूती मिळत होती. मी ती नाकारली नाही. डोक्यावरून हात फिरवत सुस्कारा टाकायचो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “आमच्या लग्नाच्या अल्बममध्येपण थोडी केमो दिसते, बघताय का?”

हे सगळं चालू असताना तळहात आणि तळपाय लाल झाले, हुळहुळले, मग सोलायला लागले. कॅपेसिटाबिनचा हा नेहमीचा प्रताप. गरम पाणी टाळा, सैल चपला घाला, युरियाचं क्रीम लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिवाय गुडघेदुखीवरचं डायक्लोफेनॅकचं जेल तळहातांना लावलं तर हा त्रास पुष्कळ कमी जणांना होतो, असं दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2024 साली दाखवून दिलंय, म्हणून तेही लिहून दिलं होतं. ते जेल घरात येताक्षणी हिच्या गुडघ्यांनी जप्त केलं. डे केअरमधल्या एका मावशींनी मेंदी सुचवली. डॉक्टर त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसते हसले. सुनेनं हौसेनं कोन आणला. ‘बाबा, नुसता गोळा फासू की नक्षी काढू?’ मी उत्तर द्यायच्या आत एका तळव्यावर मोर आला होता.

आणि नोव्हेंबर उजाडला. पेन्शनर माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन यादीतल्या आपल्या नावासमोर सही केली की काम भागायचं, आजही भागतं. पण 2014 पासून आधारवर चालणारा डिजिटल हयातीचा दाखला निघाला, आणि मुलाचं म्हणणं पडलं की बँकेतल्या गर्दीत रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट कमी असताना कशाला जाता, कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात पाच मिनिटांत होईल.

केंद्रातल्या पोरानं मशीन पुढे सरकवलं. “काका, अंगठा.” ठेवला. लाल दिवा. “जरा पुसून ठेवा.” लाल. “दुसऱ्या हाताचा.” लाल. मग त्यानं तो जगप्रसिद्ध उपाय सांगितला: “बोट कपाळाला घासा, तेल लागलं की उठतं.” मी बोट कपाळापासून सुरू करून पार मानेपर्यंत नेलं, तेवढी जागा माझ्याकडे उपलब्ध आहे. तरी लाल. तर्जनी झाली, मधली झाली, करंगळी झाली. पोरानं माझा तळवा उलटा केला, मोराकडे पाहिलं, आणि विचारलं, “घरात लग्न आहे का काका?”

रांगेत मागे निफाडकडचे एक शेतकरी उभे होते. त्यांनी आपला अंगठा दाखवला. तोही गुळगुळीत. “आमचाबी उठत न्हाई. कांदा काढून काढून गेला. तुमचा कशानं गेला?” मी म्हटलं, “गोळीनं.” ते दचकून एक पाऊल मागे सरकले.

हिंदुस्थानात करारावर हाताचा ठसा घ्यायची कल्पना विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1858 साली बंगालमध्ये काढली. त्यानंतर बोटांच्या ठशांवर खाती उभी राहिली, आणि त्यातल्या एका खात्यात मी जन्म घालवला. उमटत नसलेली बोटं माझ्या टेबलासमोरही रोज यायची. पॅडवर ताजी शाई घालून, अंगठा हलकेच लोळवून मी ती उमटवून घेत असे. मशीनला शाईचं पॅड नव्हतं आणि अनुभवही नव्हता. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, होतं असं. सिंगापूरच्या एका पेशंटला हीच गोळी चालू होती. बोटांचे ठसे मिळेनात म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर त्याला काही तास अडकवून ठेवलं होतं, आणि ती हकीकत 2009 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. आपला आजार आंतरराष्ट्रीय दर्जाचा निघाल्याचं मला क्षणभर समाधान वाटलं.

शेवटी त्या पोरालाच सुचलं. “काका, चेहऱ्यावर करू. फोनकडे बघा. कानटोपी काढा. आता डोळे मिचकवा.” मला धास्ती होती. वजन उतरलेलं, गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं, रंग उडालेला. हा चेहरा सरकार कशाला ओळखेल? पण एका फटक्यात हिरवं. आधार कार्डावरच्या फोटोत मी पहिल्यापासून असाच दिसतो. निरोगीपणाच्या एवढ्या वर्षांत मला जे साम्य साधलं नव्हतं, ते केमोनं साधून दिलं.

दाखला निघाला, पेन्शन जमा झाली, आणि गोळ्या थांबल्यावर काही आठवड्यांनी अंगठाही परत उमटू लागला. मेंदीचा मोर त्याआधीच गेला. आता ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे आणि नोव्हेंबर जवळ आलाय, त्यांनी अंगठ्याच्या भरवशावर राहू नये. चेहरा दाखवावा, किंवा काउंट बरे असतील तेव्हा बँकेत जाऊन सही करून यावी. जुलाब, तोंडातले फोड, सोललेले तळवे, यांच्यावर खुशाल हसा, पण आधी डॉक्टरांच्या कानावर घालून मग. आणि केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर कितीही चांगला विनोद सुचलेला असू द्या, तो नंतर सांगा. आधी हॉस्पिटलला फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.